राधा उठणे

एकोणऐंशी सालची दिवाळी झाल्यावरच्या रविवारी पवनीच्या हायस्कुलातले लिपिक टिकाराम हेडाऊ यांच्या मनात आलं, की आपल्या घरच्या उटण्याच्या पुडीवर एक सूचना छापून घ्यावी. बस्स, एवढंच. चार ओळींची सूचना. माणसं याहून मोठी कामं सकाळी दात घासता घासता उरकतात. पण टिकारामांच्या हातात आलेलं लहान काम कधी लहान राहत नसे. शाळेच्या घंटेला नवी दोरी हवी म्हणून त्यांनी एकदा अर्ज केला होता. त्या अर्जाची फाइल दोन बोटं जाड झाली, आणि घंटा अजून सुतळीवर लटकत होती.

सूचनेची गरज का पडली, ते सांगितलं पाहिजे. हेडाऊंच्या घरी उटणं दोन तऱ्हेचं होई, एक हरभऱ्याच्या पिठाचं, दुसरं मसुरीच्या. हळद आणि कचोरा पडला की दोन्हींचा रंग एक आणि वासही एकच. दळायची टिकारामांची थोरली बहीण राधाबाई. लहानपणी देवी आल्या आणि तिचे डोळे घेऊन गेल्या. लग्न झालं नाही, पण कोष्ट्यांच्या अर्ध्या आळीची दिवाळीची अंघोळ राधाबाईच्या हातच्या उटण्यानं होई आणि तिला त्याचा मोठा अभिमान होता. पुड्या टिकाराम बांधत, शाळेतल्या रद्दीतल्या उत्तरपत्रिकांच्या. गणिताच्या पेपरात हरभरा, भूगोलाच्या पेपरात मसूर, अशी त्यांची शास्त्रशुद्ध व्यवस्था होती. राधाबाईची व्यवस्था त्याहून सोपी होती. उजव्या कोनाड्यात हरभरा, डाव्या कोनाड्यात मसूर. वीस वर्षांत एक चूक नाही.

त्या दिवाळीला टिकारामांच्या पत्नी शोभाताईंनी घराला चुना मारला. कोनाडे रिकामे केले, आणि पुड्या परत ठेवताना डाव्याच्या उजव्या झाल्या. सांगायचं राहून गेलं.

शेजारच्या सत्यवतीला मसूर चालत नसे. चमचाभर वरण पोटात गेलं तरी पोरीचे ओठ सुजत. तिनं राधाबाईकडून हरभऱ्याची म्हणून पुडी नेली, नरकचतुर्दशीला अंगाला लावली, आणि अंगणात ऊन येईपर्यंत तिचे गाल असे फुगले की नाक शोधावं लागलं. तिचे वडील धनीराम हे निवृत्त कंपाउंडर. त्यांनी दवाखान्यातून गोळ्या आणल्या आणि चार दिवसांत पोरगी सुधारली. पण तिची आई कुंताबाई अंगणात उभी राहून, आळीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, “आंधळ्या हाताची वस्तू घेतली, हे मायंच चुकलं!”

राधाबाईनं ते ऐकलं. जात्याचा खुंटा काढला, फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवून दिला.

“बाई, कोनाडा मी बदलला वो,” शोभाताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. “तुमचा काय दोष?”

“तू बदलला, पन पुडी तं मीच देल्ली ना,” राधाबाई म्हणाली. “आता मी दळत नाई, अन् कोनाच्या हातात पुडी बी देत नाई.”

टिकारामांच्या मनाला हे फार लागलं. बहिणीच्या हाताला नाव ठेवलं गेलं होतं, आणि तेही अख्ख्या आळीसमोर. आता यातून काय मार्ग काढावा? शेतकऱ्यानं विळा उचलला असता, पैलवानानं बाही सारली असती. टिकारामांनी टाक उचलला आणि मसुदा केला.

“सूचना. सदर उटण्यात मसूर या कडधान्याचे पीठ समाविष्ट असून, ज्या कोणा व्यक्तीच्या प्रकृतीस मसूर मानवत नसेल, अशा व्यक्तीने सदर उटणे अंगास लावू नये. लावल्यास व पुरळ उठल्यास तात्काळ धुऊन टाकावे व जाणकारास दाखवावे.” वर ठळक अक्षरात नाव, ‘राधा उटणे’. टिकारामांनी हे तीनदा मोठ्यानं वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःलाच मान डोलावली. पवनीत काय, भंडारा जिल्ह्यात कोणी आजवर उटण्याच्या पुडीवर इतका जबाबदार मजकूर लिहिला नसेल, असं त्यांना वाटलं, आणि ते बहुधा खरंही असावं.

धनीराम कुंपणावरून मसुदा वाचून म्हणाले, “टिकारामभाऊ, ‘जाणकारास’ काहून? सरळ माझं नाव टाका ना. पत्ता बी टाका.”

“नाव टाकता येत नाही. मजकूर निःपक्षपाती पाहिजे.”

“मंग ‘मानवत नसेल’ काढा. लोकं म्हनतीन, मानवासाठी नाही, म्हशीसाठी आहे.”

टिकारामांनी मसुदा छातीशी धरला आणि थेट बाबूलालच्या छापखान्यात गेले. बाबूलालच्या छापखान्यात लग्नपत्रिका, जलशाची पत्रकं आणि नगरपालिकेच्या नोटिसा एकाच यंत्रावर, आणि कधी कधी एकाच कागदावर, छापल्या जात. त्यानं आठ दिवसांचा वायदा केला, बाविसाव्या दिवशी पाचशे लेबलांचा गठ्ठा हातात ठेवला. टिकारामांनी वरचं लेबल उचललं. त्यावर मोठ्या, काळ्या, डौलदार अक्षरात छापलं होतं, ‘राधा उठणे’.

“हे काय?”

“काय मतलब काय? तुमचं लेबल.”

“उटणे पाहिजे. टिळकांचा ट!”

“ट खतम,” बाबूलाल शांतपणे म्हणाला. “पाटबंधाऱ्याच्या टेंडरची नोटीस लागली होती. तिच्यात माझे सारेच्या सारे ट अडकून पडले. मंग मी ठ लावला. ट चं तोंड बंद केलं का झाला ठ. पब्लिक समजून घेते, टिकारामजी.”

पब्लिकनं समजून घेतलं, पण छापलं होतं तेच समजून घेतलं. आमच्याकडे पित्तही उठतं, गांधीही उठतात, पुरळही उठतो. लेबलावर ‘उठणे’ छापलेलं पाहून लोकांना वाटलं की आता हेडाऊंकडे अंगावर उठवायचीच वस्तू मिळते. आळीतली कार्टी दारावरून ओरडत जात, “राधा उठणे! राधा बसणे!” धनीराम तर लेबल चष्म्यापुढे धरून म्हणाले, “भाषा मात्र प्रामाणिक आहे. जे होते, तेच लिवलं.” टिकारामांनी दोन दिवस शाळेच्या मागच्या फाटकानं ये-जा केली. पाचशे लेबलं फेकून देणं मात्र त्यांच्या तत्त्वात बसेना. दिवाळीच्या उरलेल्या मसुरीच्या प्रत्येक पुडीवर त्यांनी ती चिकटवली आणि ठ चं तोंड टाकाच्या टोकानं खरवडून उघडायचा प्रयत्न केला. त्यानं ठ चा ट झाला नाही, नुसतं भोक पडलं.

खरा घाव पुढेच होता. एक पुडी त्यांनी मोठ्या अपेक्षेनं राधाबाईच्या हातात ठेवली. तिनं लेबलावरून बोट फिरवलं.

“गुळगुळीत आहे,” ती म्हणाली. “काय लिवलं?”

टिकारामांनी सूचना वाचून दाखवली, अगदी ‘जाणकारास दाखवावे’पर्यंत.

“चांगलं लिवलं. पन टिकाराम, हे कोनासाठी लिवलं बाप्पा? ज्यायले डोळे आहेत ते वाचत नाई. अन् पुडी ज्या हातानं द्याची, त्या हाताले हे दिसत नाई.”

टिकाराम त्या दिवशी जेवले नाहीत, म्हणजे एक भाकरी कमी खाल्ली. पण रागापेक्षा त्यांना लाज वाटली. ज्या बहिणीसाठी एवढा खटाटोप केला, तिलाच सूचनेतून वगळलं होतं, आणि हे तीनदा मोठ्यानं वाचूनही आपल्या लक्षात आलं नाही!

मग हाताला कळणारी पुडी बनवायचे प्रयोग सुरू झाले. पहिल्यांदा त्यांनी मसुरीच्या पुडीला टाचणीनं भोकं पाडून तिचा म बोटाला लागेल असा काढला. म उत्तम लागत होता, पण भोकांतून उटणं गळत होतं. शोभाताईंची सगळी फळी पिवळी झाली, खालच्या लोणच्याच्या बरणीला हळद लागली आणि त्यांनी टिकारामांना टाचणीसकट ओसरीवर काढलं. मग कुणीतरी सुचवलं, वासावरून ओळखा, आंधळ्या माणसाचं नाक तेज असतं. यावर राधाबाई उसळली, “माझं नाक का पोलिसाचं कुत्रं आहे? कचोऱ्यापुढं मसुरीचा वास कोनाले येते, सांगा बरं!”

तिसरा प्रयोग टिकारामांचा आवडता होता. प्रत्येक मसुरीच्या पुडीवर त्यांनी खळीनं मसुरीचे पाच दाणे चिकटवले. डोळसाला दिसतील, हाताला लागतील, वस्तूच स्वतःचं नाव सांगेल! या कल्पनेवर ते इतके खूष होते, की त्यांनी शाळेत हेडमास्तरांनाही ती ऐकवली. तिसऱ्या दिवशी पाहतात तो साऱ्या पुड्यांवरचे दाणे गायब. घरातल्या उंदरांनी एकही पुडी फोडली नव्हती. नेमका इशारा तेवढा खाल्ला होता.

“आन तो सुताचा गुंडा इकडं,” शेवटी राधाबाई वैतागून म्हणाली.

हेडाऊंच्या घरातला माग बंद पडून वर्षं झाली होती, पण काठाचं काळं सूत अजून पेटीत होतं. राधाबाईनं तरुणपणी मागावर कांड्या भरल्या होत्या, तुटलेल्या ताण्याच्या सुताचं टोक बोटानं शोधून बोटानंच गाठ मारली होती. तिनं सूत चौपदरी केलं, पुडीच्या तोंडाला गुंडाळलं आणि शेवटाला एक गाठ मारली. “हा हरभरा.” दुसऱ्या पुडीला तिनं एकाला एक लागून तीन गाठी मारल्या. “ही मसूर. ज्याले सोसत नाई, त्यानं तीन गाठीले हात लावू नये. झालं तुयं लेबल.”

टिकारामांनी डोळे मिटून दोन्ही पुड्या चाचपल्या. एक. तीन. पुन्हा एक, पुन्हा तीन. इतकी सोपी गोष्ट आपल्याला का सुचली नाही, याचं त्यांना क्षणभर वाईट वाटलं आणि मग फार बरं वाटलं, कारण ती त्यांच्या बहिणीला सुचली होती.

“बाई, आता तं दळशीन ना?”

“गाठी मारून देतो. दळत नाई.”

दळण शोभाताईंवर आलं. त्यांच्या हातचं उटणं इतकं भरड पडे, की एका गिऱ्हाइकानं त्याचा शिरा होईल का विचारलं. पण गाठींच्या पुड्या बाजारात गेल्या आणि चक्क खपायला लागल्या. टिकाराम हरखले. लोकांना सुरक्षिततेचं महत्त्व पटलं, असं ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. आठवड्याभरात त्यांना दिसलं, की आळीतल्या निम्म्या पोरांच्या मनगटात तीन गाठींचा काळा दोरा आहे. एका शेळीच्या गळ्यातही होता.

काळा दोरा, त्याला गाठी, आणि मारणारी जन्माची सोसलेली आंधळी बाई! लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की दोरा मंतरलेला आहे. बाया पुडी घेत, दोरा सोडून पोराला बांधत आणि उटणं तसंच ठेवून देत. एक म्हातारी तर थेट दारात आली आणि म्हणाली, “मले फक्त दोरा द्या, पीठ तुमच्याकडंच राहू द्या.” टिकारामांनी तिला कडधान्य आणि प्रकृती यांवर पाव तास समजावलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तीन गाठीचा जास्त चालते का सात गाठीचा?”

राधाबाईनं यावरही इलाज काढला. तिनं शोभाताईंकडून सुई ओवून घेतली आणि गाठींचा दोरा पुडीच्या तोंडाला असा शिवून टाकला, की दोरा ओढला तर पुडीच फाटावी. पण तोवर कुणीतरी निनावी अर्ज ठोकला होता. ‘पवनी येथील एक सरकारमान्य शाळेतील लिपिक पुरळ उठवणारी पूड मंतरलेल्या दोऱ्यात बांधून विकतो,’ असं त्यात होतं, आणि खेदाची गोष्ट अशी, की त्यातलं प्रत्येक वाक्य पुडीवरून सिद्ध करता येत होतं.

भंडाऱ्याच्या एका कार्यालयातून बोलावणं आलं. टिकाराम काळा कोट घालून, दोन पुड्या रुमालात बांधून एसटीनं गेले. पहिल्या टेबलावर विचारलं, हे औषध आहे का? नाही म्हटल्यावर दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथं विचारलं, किराणा आहे का? नाही म्हटल्यावर पुन्हा पहिल्या टेबलावर. दुपारी तीनला ते साहेबांसमोर उभे राहिले.

“पुडीवर इशारा कशाला छापला?” साहेबांनी विचारलं. “इशारा औषधावर असतो, नाही तर विषावर. यातलं हे काय आहे?”

“उटणं आहे साहेब.”

“इथं तर उठणं लिहिलंय.”

“ट कमी पडला साहेब.”

साहेबांनी कपाळ चोळलं. “बरं, नाव दुरुस्त करा. आणि या गाठी सोडून टाका. नियमात गाठींचा कुठंच उल्लेख नाही.”

आयुष्यभर टिकारामांनी साहेब या शब्दापुढे मान झुकवली होती. त्या दिवशी मात्र ती झुकेना, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

“साहेब, ट वाटेल तेवढा दुरुस्त करतो. गाठी सोडणार नाही. त्या गाठी नाहीत, अक्षरं आहेत.”

“अक्षरं? कोणत्या लिपीतली?”

“आमच्या बाईच्या. डोळे मिटून पाहा, तुम्हालाही वाचता येतील.”

साहेब रागावतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि दोन्ही पुड्या हातात घेतल्या. एकीवरून दुसरीवर दोनदा बोट फिरवलं. नंतर कागदावर लिहिलं, ‘विषय विचाराधीन. पुढील आदेशापर्यंत आहे तसे चालू द्यावे.’ लिपिक म्हणून टिकारामांना ठाऊक होतं, की पुढील आदेश या जन्मी येत नसतो. ते एसटीत खिडकीशी बसले आणि पवनी येईपर्यंत शेजारच्या प्रवाशाला तीन गाठी शिकवत आले.

घरी हे सगळं ऐकून राधाबाई हसली. जात्याचा खुंटा मात्र फळीवरच राहिला. “साहेबानं मानलं,” ती म्हणाली. “आळीनं कुठं मानलं?”

पुढच्या वैशाखात सत्यवतीचं लग्न आसगावच्या मुलाशी ठरलं. शेजार होता, तेव्हा कुंताबाईनं हेडाऊंना आमंत्रण दिलं, पण राधाबाईशी ती तोंडापुरतंच बोलली. हळदीच्या दिवशी सकाळी राधाबाई मांडवात एका कडेला सतरंजीवर बसली होती, हात मांडीवर. टिकाराम काळा कोट घालून पुरुषांत उभे होते, पण लक्ष सगळं त्या कडेला.

आसगावहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन बाया आल्या. नवऱ्याची आत्या, आनंदाबाई, मोठ्या ठसक्यात होती. हळदीत मिसळायला तिनं पवनीच्या बाजारातून नामी उटण्याच्या पुड्या घेतल्या होत्या. मांडवात गर्दी इतकी, की पुड्यांची टोपली एका हातातून दुसऱ्या हातात पुढे सरकत राहिली आणि तशीच राधाबाईच्या हातात आली. पुढे देता देता तिचं बोट वरच्या पुडीच्या तोंडावर टेकलं आणि तिथंच थांबलं.

“थांबा!” ती म्हणाली. “हे पोरीले लावू नोका. ही मसूर आहे.”

मांडवातल्या साऱ्या माना वळल्या. आनंदाबाईचा पारा चढला. “आमच्या घरून आलेली हळद लावू नोका म्हनते? कोन आहे हे बाई? न पाहता कशी सांगते?”

“न पाहताच सांगतो. तीन गाठी आहेत.”

“अवो, ते मंतरलेला दोरा आहे!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि लगेच दोनचार बाया दोऱ्यासाठी पुढे सरकल्या. वरपक्षाची आत्या रुसली तर लग्न अडतं, हे मांडवातल्या लेकरालाही कळत होतं. कुंताबाईचा चेहरा पांढरा पडला. टिकारामांना पुढे होऊन सूचना पूर्ण वाचून दाखवायची होती, पण पुरुषांच्या गर्दीतून वाट मिळेना.

पाटावर बसलेली सत्यवती बोलली. नवरीनं मांडवात बोलू नये असं असतं, तरी बोलली. “राधामावशी नाई म्हनते, तं मी लावत नाई. मायंच तोंड सुजते, आत्याबाई, तुमचं नाई.”

धनीराम चष्मा लावून पुढे झाले. त्यांनी पुडीवरची हळद अंगठ्यानं पुसली आणि मोठ्यानं वाचलं, “‘सदर उठण्यात मसूर या कडधान्याचे पीठ समाविष्ट असून...’ मसूरच आहे वो! बाईनं बोटानं ओळखलं ते मले चष्म्यानं उशिरा दिसलं.”

आनंदाबाईनं पुडी हिसकून घेतली आणि स्वतः चाचपली. मग टोपलीतली दुसरी चाचपली. तिचा ठसका हळूहळू उतरला. “तीन... अन् ही एक,” ती म्हणाली. “बाप्पा! कळते की वो. अन् आमी हे सुनेच्या तोंडाले फासनार होतो.”

कुंताबाई टोपली घेऊन आली आणि ती राधाबाईच्या मांडीवर ठेवली, सगळ्या मांडवासमोर. “राधाबाई, दिवाळीले मी तुमच्या हाताले बोलली,” ती म्हणाली. “आता तुमीच काहाडून द्या. अन् पहिली हळद तुमीच लावा माया पोरीले. दुसऱ्या कोनाचा भरोसा नाई मले.”

राधाबाईनं टोपलीतून एका गाठीची पुडी काढली, दातानं दोरा तोडला, ताटातल्या हळदीत पीठ कालवलं. “कुठं आहे पोरगी?” तिनं विचारलं. सत्यवतीनं तिचा हात धरला आणि स्वतःच्याच गालावर ठेवला.

हे पाहताना टिकारामांच्या छातीत अभिमान असा भरून आला, की आवरेना. ही माझी बहीण, माझी सख्खी बहीण, असं ते मांडवाच्या खांबालाही सांगायला तयार होते. पण आधी त्यांचा जुना कोट बोलला. मधलं बटण तट्‌कन तुटलं, हवेतून गेलं आणि नेमकं हळदीच्या ताटात पडलं. बाया दचकल्या, आत्याबाई “काय पडलं, काय पडलं” करू लागल्या.

राधाबाईनं ताटात बोट फिरवून बटण उचललं, पदराला पुसलं, अंगठ्यानं त्याची भोकं मोजली आणि पुरुष उभे होते त्या दिशेला हात पुढे केला.

“टिकाराम, हे तुयं बटन,” ती म्हणाली. “उद्या दळन झालं का लावून देतो. आता जरा श्वास सोड.”